पुणे शहरातील मधमाश्यांची बिऱ्हाडे

पुण्याचे वर्णन करणाऱ्या लेखकांचा तोटा पूर्वीही नव्हता व आजही नाही. शनिवारवाडा, पर्वती, तुळशीबाग, सारसबाग यांविषयी वाचकांनी इतके वाचले असेल की, त्यात भर घालण्याचे धाडस मी करीत नाही. माझे वास्तव्य वाईस. तथापि यंदा चिरंजिवांच्या आग्रहावरून माघापासून वैशाखाच्या आरंभापर्यंत त्यांच्या बाणेर येथील नवव्या मजल्यावरील घरी राहण्याचा योग आला. आणि डॉक्टरांच्या आज्ञेने दोन्ही वेळा पायी हिंडावयाचे असल्यामुळे शहराच्या निरनिराळ्या भागांतून मी पुष्कळ भटकलो. या भटकंतीत माझे लक्ष वेधून घेतले ते, ज्यांची नावे मतदारांच्या यादीत नाहीत, जे घरपट्टी भरीत नाहीत, आणि तरीही पेठांपासून उपनगरांपर्यंत ज्यांची बिऱ्हाडे पसरलेली आहेत अशा रहिवाशांनी. हे रहिवासी म्हणजे मधमाश्या होत.

शहरात मधमाश्या येतातच कशाला, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला. वस्तुतः न येण्यास काही कारण नाही. खेड्यात शेतावर एक पीक फुलून गेले की मैलच्या मैल फूल दृष्टीस पडत नाही, आणि जे पीक फुलते त्यावर पुष्कळदा विषारी औषधाची फवारणी झालेली असते. शहरात मात्र माघ-फाल्गुनात सावर फुलते, मागोमाग करंज, जांभूळ, कडुनिंब. शेवगा व नारळ तर जणू बारमाही अन्नछत्रच. शिवाय बागांना उन्हाळ्यातही पाणी मिळते. राहावयास जागा म्हणावी तर माणसांपेक्षा माश्यांची सोय येथे अधिक चांगली आहे.

संस्कृतात मधमाशीस ‘सरघा’ असे एक जुने नाव आहे व तिच्या मधास ‘सारघ’ म्हणत. सुश्रुताने मधाचे पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक इत्यादी आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील कोणता मध आजच्या कोणत्या माशीचा याविषयी वाद होऊ शकेल. परंतु माशी तेवढी एकच, असे आपल्या पूर्वजांनी मानले नव्हते एवढे निश्चित. आजच्या सदनिकांतून मात्र ही समजूत सर्रास आढळते, आणि पुढील सर्व अनर्थ तिच्यातून उद्भवतो. पुण्यात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. आग्या ही सर्वांत मोठी. ती उघड्यावर, उंच जागी, एकच विस्तीर्ण पोळे बांधते. पुलांच्या कमानी, पाण्याच्या टाक्या आणि नव्या उंच इमारतींचे सज्जे हे तिचे आवडते कडे. सातेरी मध्यम आकाराची. तिला अंधार हवा. झाडाची ढोली, भिंतीतील पोकळी, गळक्या पेटाऱ्याचा तळ, असे काहीतरी पाहून ती एकास एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. सात पोळी बांधते म्हणून सातेरी, अशी व्युत्पत्ती सांगतात. फुलोरी ही चिमुकली, कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढे पोळे करून राहणारी, आणि सहसा कोणाच्या वाटेस न जाणारी. आता यांपैकी पेटीत नांदते ती सातेरी. आग्या पेटीत नांदत नाही. तिला कोंडून पाळण्याचे प्रयत्न करणाऱ्यांनी शेवटी हात टेकले. हा भेद ज्याला कळला त्याला निम्मे शास्त्र कळले असे मी म्हणेन.

फाल्गुनातील एका सकाळी नारायण पेठेत एका वह्या-पुस्तकांच्या दुकानापुढे गर्दी दिसली. एका उभ्या स्कूटरच्या आरशाला नारळाएवढा, तपकिरी, हलता घोस लोंबत होता. सातेरीचा थवा होता तो. कोणी रॉकेलचा बोळा पेटवावा म्हणत होता, कोणी अग्निशामक दलास दूरध्वनी करीत होता, आणि बाकीचे सारे भ्रमणध्वनी पुढे धरून चित्रे घेत होते. दुकानदार गृहस्थ समंजस होते. मी त्यांस विनविले की, दोन खुर्च्या मांडून मध्ये दोरी बांधावी आणि कोणासही पलीकडे जाऊ देऊ नये. “आणि हे किती वेळ चालायचं, मास्तर?” असे त्यांनी विचारले. “फार तर दोन दिवस,” मी म्हणालो. स्कूटरचे मालक महाशय त्या दिवशी बसने घरी गेले.

हा थवा म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस समजावयास कठीण पडू नये. वसंतात मध व पराग यांची समृद्धी झाली आणि घरात माणूस मावेनासे झाले की, कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेस शेंगदाण्याच्या आकाराची काही घरे बांधून त्यांत नव्या राण्या वाढवू लागतात. माणसांच्या घरात वाटण्या होतात तेव्हा सामान्यतः मुलगा आपले बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतो व जुना वाडा आईबापांकडे राहतो. येथे सारे उलट. नवी राणी कोशातून बाहेर पडण्यापूर्वीच जुनी राणी, म्हणजे साऱ्यांची आई, निम्म्या-अधिक परिवारासह घर सोडते. भरले कोठार, तयार पोळी, पाळण्यातील पिले, सर्व काही लेकीच्या स्वाधीन. बरोबर घ्यावयाचे ते पोटात मावेल तेवढा मध. वानप्रस्थाश्रमाचे याहून चोख उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आमच्यापैकी किती जणांनी किल्ल्या अशा वेळेवर दिल्या, हा प्रश्न निराळा.

घर सोडलेला थवा जवळच्याच फांदीवर वा खांबावर विसावतो. त्या वेळी त्याच्यापाशी राखावयाचे पोळे नसते, पिले नसतात आणि पोट भरलेले असते. म्हणून माशीच्या आयुष्यात तिचा स्वभाव इतका शांत क्वचितच असतो. आणि नेमक्या याच वेळी माणसे घाबरून आग व विष घेऊन धावतात. घोसावर नीट पाहिले तर काही माश्या इतरांच्या पाठीवरून थरथरत, रेघ धरून नाचताना दिसतात. त्या घर पाहून आलेल्या शोधक माश्या असतात. मार्टिन लिंडावर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञास म्युनिक शहरात १९४९ साली असा घोस दिसला. नाचणाऱ्या माश्यांपैकी कोणी काजळीने काळी, कोणी विटांच्या भुकटीने लाल, असा प्रकार पाहून त्याच्या ध्यानात आले की, या फुलांवरून आलेल्या नसून युद्धात पडझड झालेल्या शहरातील धुराडी व भिंती धुंडाळून आल्या आहेत. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश हे त्याचे गुरू. त्यांस १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लिंडावरने पुढे सिद्ध केले की, निरनिराळ्या शोधक माश्या निरनिराळ्या जागांची शिफारस करतात, बरी जागा पाहून आलेल्या माश्या अधिक काळ नाचतात, आणि अखेरीस एका जागेवर एकमत झाले म्हणजे सारा थवा उठतो. राणीचे मत कोणी विचारीत नाही. नारायण पेठेतील थव्याचे एकमत दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास झाले. हवेत मोठा घूंकार उठला, छपरांवरून एक ढग लकडी पुलाच्या दिशेने गेला, आणि स्कूटर मालकांच्या स्वाधीन झाली. कोणास एकही डंख झाला नाही.

पण थव्याने निवडलेली जागा माणसास सोयीची असतेच असे नाही. अशा वेळी काय करावे हे पाहण्याचा प्रसंग सदाशिव पेठेतील एका वाड्यात आला. त्याकडे वळण्यापूर्वी गणेशखिंड रस्त्यावरील एका संस्थेचा उल्लेख करणे अवश्य आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या छत्राखाली १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ती हीच. रस्त्यावरून नित्य जाणाऱ्या किती पुणेकरांस ती ठाऊक आहे याची मला शंका आहे. मधमाशीपालनाचे शिक्षण येथे मिळते. सातेरीसाठी जी लहान पेटी आपल्याकडे रूढ झाली तिला न्यूटन पेटी म्हणतात. हा न्यूटन सफरचंदाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्रिचनापल्लीकडे खेडुतांस मधमाश्या पाळावयास शिकविणारा तो एक पाद्री होता. आमच्या वाईहून पसरणीचा घाट चढून गेले म्हणजे महाबळेश्वराच्या बाजूस अशा पेट्या घरोघर दिसतात. तिकडील मांघर हे तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातेरीची एवढी चिंता का वाहावयाची, तर १९९१-९२ च्या सुमारास सॅकब्रूड नावाच्या विषाणुरोगाने दक्षिणेकडील राज्यांत पेट्यांतील सातेरी जवळजवळ निर्वंश केली होती. म्हणून मनुष्याच्या मदतीवाचून वर्षानुवर्षे टिकून राहिलेली भिंतीतील एखादी वसाहत ही जाणत्यांच्या दृष्टीने मोलाची वस्तू असते.

सदाशिव पेठेतील तो वाडा माझ्या एका विद्यार्थ्याचा. चार भावांची कुटुंबे, मधला चौक, माजघराच्या भिंतीत धान्याचे बळद. वाडा पाडून तेथे सहा मजली इमारत व्हावयाची होती. कागद तयार होते, तिघांचे सामानही बांधून झाले होते. अडले होते ते त्यांच्या मातोश्रींच्या सहीपाशी. वय वर्षे ब्याऐंशी. बळदात सातेरीचे मोहोळ. त्या नववधू म्हणून उंबरठा ओलांडून आल्या तेव्हाही ते तेथे होते, असे त्या म्हणत. मध्ये कितीदा ओस पडून पुन्हा वसले असेल कोण जाणे. पण त्यांच्या लेखी ते एकच घराणे. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, “एक फवारा मारला की संपलं.” त्यावर त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. “मास्तर, तुम्हीच सांगा यांना. आधी त्यांची सोय, मग माझी सही.” मुलगे चिडले होते हे उघड होते. भाड्याच्या घरांचे पैसे सुरू झाले होते, आणि थोरल्या व धाकट्या जावांत त्यावरून दोन दिवस बोलणेही नव्हते.

अखेरीस गणेशखिंडीस शिकलेली एक तरुणी आली. मोहोळे सुखरूप हलविणे हाच तिचा उद्योग. तिने प्रथम काय केले असेल? चौकात पाऊण तास नुसती बसून राहिली आणि माश्या कोणत्या भेगेतून जातात-येतात ते पाहत राहिली. नंतर लहान मुले व वाड्यातील कुत्रा यांस वरच्या मजल्यावर पाठवून दारे लावून घेतली, पांढरा सैल अंगरखा व जाळीचा बुरखा चढविला, आणि धुराच्या भांड्यातून गोणपाटाच्या धुराचे दोनच झोत भेगेत सोडले. धुराने माश्या मरत नाहीत. घरास आग लागली असे समजून त्या मध पिऊ लागतात व पोट भरल्यावर नरमतात. मग एकेक वीट काढीत तिने बळद उघडले. आतील अंधारात पिवळी, तपकिरी, काळपट अशी पोळी पानांसारखी ओळीने लोंबत होती. तिने मोजली: सहा. “सहाच? सातेरी म्हणता ना?” मातोश्रींनी वरून विचारले. “आजी, सहाही असतात, नऊही असतात. त्यांना कुठं मोजता येतं!”

यापुढील काम पाहण्यासारखे होते. पिलांची पोळी एकामागून एक पातळ सुरीने कापून, लाकडी चौकटीत बसवून, दोऱ्याने अलगद बांधून पेटीत उभी केली. पोळे वर-खाली होऊ द्यावयाचे नाही, कारण घरांची तोंडे ठराविक कलाने असतात. दोरा माश्या पुढे स्वतःच कुरतडून टाकतात, आणि तोवर पोळे मेणाने चौकटीस चिकटलेले असते. मधाची पोळी निराळ्या भांड्यात गेली. पाचव्या पोळ्याच्या पाठीमागे राणी सापडली. लांबट, काळसर, चालण्यात जराही घाई नसलेली. तिला जाळीच्या डबीत घालून पेटीत ठेवले, आणि मग आम्ही काही करावयाचे उरले नाही. पेटीच्या दाराशी काही माश्या शेपटाकडील भाग उंच करून पंख हलवू लागल्या. अशा रीतीने त्या एक सुगंध पसरवितात व मागे राहिलेल्यांस बोलावून घेतात. तासाभरात भिंतीवरची गर्दी आपण होऊन पेटीत शिरली. नातवाने मध्येच सुवासिक तेल लावलेले डोके खिडकीतून बाहेर काढले व दोन डंख पदरात पाडून घेतले. नांगी तिने तत्क्षणी नखाने खरडून काढली. “कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली ते महत्त्वाचं, काका,” असे ती मला म्हणाली. नांगी अंगात असेतो विष आत जातच राहते. सूज थोडी आली व उतरली. मात्र अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे, श्वास लागणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपचारांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे, हे तिने सर्वांस बजावून सांगितले.

संध्याकाळपर्यंत पेटी तेथेच ठेवावी लागली, कारण बाहेर गेलेल्या माश्या दिवेलागणीस परततात. उजेडी पेटी हलविली तर तेवढी प्रजा निराधार होते. अंधार पडल्यावर दार जाळीने बंद करून पेटी पिरंगुटकडील एका मळ्यात रवाना झाली. नवी जागा निदान तीन किलोमीटरपलीकडे हवी. नाहीतर माश्या ओळखीच्या वाटेने जुन्या भिंतीशी परत येतात. राणी पळून जाऊ नये म्हणून पहिले काही दिवस दारास अशी पट्टी लावतात की, तिच्या फटीतून कामकरी माशी जाऊ शकते पण राणीचे अंग मावत नाही. बळद त्याच रात्री चुन्याने लिंपले. जुन्या मेणाचा वास दुसऱ्या थव्यास आमंत्रण ठरतो. मातोश्रींनी मधाचा तुकडा देवापुढे ठेवला, उरलेला मध “तो त्यांचाच” म्हणून पेटीबरोबर परत पाठविला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान आटोपून सही केली. सही करताना त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

बाणेरचा मामला याहून अवघड होता, कारण तेथे आग्या होती. आमच्या इमारतीत एका रिकाम्या सदनिकेच्या सज्जाखाली हातभर रुंदीचे पोळे होते व त्यावर माश्यांचा काळा पडदा. शेजारच्या इमारतीत आदल्या वर्षी कोणा ठेकेदाराने रात्री विष फवारले होते. सकाळी खाली माश्यांचा सडा पडला; घरकामास येणाऱ्या एका बाई त्यावरून अनवाणी चालल्या व त्यांचे पाय सुजले. मेलेल्या माशीची नांगीही टोचते, हे कोणी ध्यानात घेतले नव्हते. पोळ्याच्या तुकड्यांतील विषारी मध काही मुलांनी चाटता चाटता राहिला, आणि तो लुटावयास आलेल्या परमुलुखीच्या माश्याही मेल्या त्या निराळ्याच. मरता मरता पिसाळलेल्या माश्या दोन मजले चढउतार करीत होत्या असे सांगतात.

आमच्या रहिवाशांच्या सभेत दोन तट पडले. एका उत्साही तरुणाने, मधमाशी नष्ट झाल्यास मनुष्यजात चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइनचे म्हणून प्रसिद्ध असलेले वाक्य म्हणून दाखविले. आइन्स्टाइनने असे कोठे लिहिल्याचा वा म्हटल्याचा पुरावा नाही. आणि गहू व भात यांस फळण्यासाठी मधमाशी लागत नाही, तेव्हा उपाशी मरण्याचे भयही अतिशयोक्त आहे. मधमाशीची बाजू खऱ्या गोष्टींवर मांडता येते. तिला उसन्या सुभाषितांची गरज नाही. पण दुसऱ्या तटाच्या आजोबांचे म्हणणेही मला उडवून लावता आले नाही. त्यांना एका डंखाने पूर्वी मूर्च्छा आली होती. अशा मनुष्यास “निसर्गावर प्रेम करा” असे सांगणे हा निर्दयपणा आहे.

शेवटी ठरले ते असे. आग्यास हात लावावयाचा नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी ती बहुधा आपण होऊन स्थलांतर करते. तोवर त्या बाजूच्या सज्जांतील दिवे रात्री बंद, कारण आग्या चांदण्यातही उडते व दिव्यावर झेपावते. त्या बाजूस फटाके, पतंग, धूर, तीव्र अत्तरे वर्ज्य. मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालतो, तशा प्रसंगी खिडक्या तत्काळ लावून घ्यावयाच्या. आजोबांची खोली इमारतीच्या दुसऱ्या अंगास बदलून त्यांच्या डॉक्टरांनी दिलेले औषध उशाशी. आणि न जाणो माश्या अंगावर आल्याच, तर हात झाडीत उभे न राहता तोंड झाकून घरात वा मोटारीत शिरावयाचे. एका डंखातून सुटणारा वास इतरांस बोलावतो, म्हणून मारामारीने संख्या वाढते. पाण्यात उडी मारणे हा तर शुद्ध भ्रम. माश्या वर वाट पाहतात. हलविणे भागच पडते, तर ते रात्री, जाणत्या माणसाकडून. शिडी लावून गच्चीवरून लोंबकळणारा हौशी इसम नव्हे.

मृग लागल्यावर चिरंजिवांचा फोन आला. एका सकाळी पडदा गेला होता, आणि सज्जाखाली नुसते मेणाचे रिकामे, फिकट पान लोंबत होते. समितीने ते खरवडून, जागा धुऊन, जाळी बसवावयाचे मनात आणले आहे. आग्या वर्षाच्या वर्षाला तीच जागा शोधीत परत येते. आसामातील तेजपूर येथे काही शास्त्रज्ञांनी वसाहतींच्या आनुवंशिक तपासणीने हे पडताळून पाहिले व २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आजोबांच्या घरावरील सज्जास जाळी लागणार हे नक्की झाले आहे. रिकाम्या सदनिकेच्या सज्जाविषयी मात्र पुन्हा सभा भरावयाची आहे. तेथे जाळी नको असे पत्र मी वाईहून पाठविले आहे. पाऊस सरून थंडी पडू लागली की माश्या येतील.